विकत घेतलेल्या ईबुकचं लॉक काढावं का? माझा अनुभव

नवीन ईबुक रीडर घेतला आणि आधी एका ऑनलाइन दुकानातून घेतलेली पुस्तकं त्यावर उघडेचनात. कारण डीआरएम, म्हणजे फाइलवरचं डिजिटल लॉक. फाइल आपल्या अकाउंटला आणि त्यांच्याच ॲपला बांधलेली, पैसे आपण मोजले तरी किल्ली त्यांच्याकडे. लॉक काढायची सॉफ्टवेअर्स नेटवर मिळतात हे माहीत होतं, पण म्हटलं आधी रीतसर विचारून बघू.

सपोर्टला मेल टाकला. उत्तर आलं की तुम्ही पुस्तक नाही, वाचायचं लायसन्स घेतलंय. अटी उघडल्या तर खरंच तसं लिहिलेलं, आणि बटणावर मात्र 'खरेदी करा'! मग पावत्या जोडून प्रकाशकांना लिहिलं, काहींनी चक्क बिनालॉकची ईपब (ईबुकचा एक फाइल प्रकार) पाठवली, फार बरं वाटलं. बाकीच्यांकडून काहीच आलं नाही.

मग कायदा वाचला. आपल्या कॉपीराइट कायद्यात 2012 साली कलम 65ए आलं, त्यात हक्कभंग करायच्या उद्देशाने लॉक तोडणं हा गुन्हा आहे, म्हणजे उद्देश बघितला जातो. अमेरिकेचा 1998 चा कायदा जास्त कडक, तिथे ठरावीक सवलती सोडल्या तर तोडणंच बेकायदा.

मन वळलं ते 2019 च्या प्रकारामुळे. मायक्रोसॉफ्टने ईबुकचं दुकान बंद केलं आणि लोकांनी घेतलेली पुस्तकं गेली. पैसे परत दिले, पुस्तकात टिपा लिहिलेल्यांना वर 25 डॉलर क्रेडिट दिलं, पण टिपांचं काय हो? मी समासात इतकं लिहितो की पुस्तकापेक्षा तेच जास्त माझं असतं.

शेवटी काढलं लॉक. फक्त स्वतः पैसे भरलेल्या पुस्तकांचं, आणि त्या फाइली माझ्याकडेच राहतात. दुकानाच्या अटी यात मोडतात, अकाउंट बंद होऊ शकतं, ते मी पत्करलंय. लायब्ररीतून मुदतीवर मिळालेल्या ईबुकला मात्र हात लावत नाही, तिथलं लॉक म्हणजे परत करायची तारीख, ते काढणं ही सरळसरळ चोरी. एका जवळच्या मित्राने फाइल मागितली, त्यालाही नाही म्हटलं, तो जरा नाराज झाला पण लेखकाची रॉयल्टी मी कोण वाटणारा?

आता घ्यायच्या आधीच लॉक आहे का ते बघतो. टॉरसारखा मोठा प्रकाशक 2012 पासून डीआरएमशिवाय ईबुक विकतोय, तसं मिळत असेल तर तिथूनच घेतो.