डेव्हिल्स लेकवर दोन पोरं, एक गरी आणि बारा गांडुळं

विस्कॉन्सिनमध्ये जूनच्या पहिल्या पूर्ण शनिवार-रविवारी मासे पकडायला लायसन लागत नाही, बाहेरच्या राज्यातून आलेल्यालाही नाही, हे मला ऑफिसमधल्या एकाने सांगितलं आणि माझ्यातला कुडाळचा माणूस जागा झाला. तिथल्या डेव्हिल्स लेक या तळ्याकाठचं कॅम्पिंग आम्ही आधीच बुक केलेलं (११ महिने आधी बुकिंग उघडतं आणि उन्हाळ्यातले वीकेंड भराभर संपतात, त्यामुळे हे श्रेय सगळं बायकोचं), म्हटलं चला, पोरांना गरवायला शिकवू. आमच्याकडे गळाला गरी म्हणतात आणि गळाने मासे मारण्याला गरवणं. आजोबांच्या मागे मागे मी लहानपणी खाडीवर जायचो, तंगूस (गळाचा नायलॉनचा दोरा) बोटाला गुंडाळून बसायचो, म्हणजे मला येतंच की सगळं, असा माझा समज.

शिकागोच्या आमच्या उपनगरातून गाडीने साडेतीन तास लागले, त्यात दोनदा शू ब्रेक आणि एकदा चीज कर्ड्स. बाराबू गाव मागे टाकून पार्कमध्ये शिरलं की एकदम ते तळं समोर येतं, दोन्ही बाजूंना पाचशे फूट उंच जांभळट क्वार्टझाइटचे कडे आणि मध्ये शांत पाणी. इथे पूर्वी नदीची दरी होती, शेवटच्या हिमयुगात बर्फाने दगडमातीचे ढिगारे आणून दरीची दोन्ही तोंडं बुजवली आणि मध्ये पाणी अडलं. इथले मूळ रहिवासी हो-चंक लोक याला पवित्र तळं म्हणतात, डेव्हिल बिव्हिल नंतर आलेल्या गोऱ्यांचं. पाण्यावर पेट्रोलच्या मोटरबोटी चालत नाहीत, फक्त इलेक्ट्रिक मोटर, त्यामुळे गर्दी असूनही डोक्याला ताप नाही.

आता सामान. मी दुकानात जाऊन मुलीला आणि धाकट्याला दोन छोट्या काठ्या घेतल्या, बटण दाबून दोरा सोडायचं रीळ असलेल्या, इथवर ठीक होतं. पण हुक घेताना मला आजोबांची गरी आठवली आणि मी चांगला दणकट, बोटाच्या पेराएवढा हुक उचलला, बॉबर (पाण्यावर तरंगणारा गोळा, मासा लागला की हलतो) घेतला लिंबाएवढा लाल-पांढरा, आणि गांडुळांचा डबा, बारा नग, एकेक पेन्सिलीएवढं लांब. सकाळी सातला काठावर बसून अख्खं गांडूळ हुकाला लावलं आणि पाण्यात टाकलं. बॉबर लगेच नाचायला लागला, मुलगी ओरडली, मी ओढलं, हुक रिकामा. परत लावलं, परत नाचला, परत रिकामा. तासाभरात आम्ही मासे पकडत नव्हतो, त्यांना नाश्ता वाढत होतो. धाकटा तोपर्यंत दगड फेकायला लागलेला.

शेजारी एक म्हातारे गृहस्थ फोल्डिंगच्या खुर्चीत बसून दर पाच मिनिटांनी एक मासा काढत होते आणि सोडत होते. शेवटी त्यांना राहवलं नसावं. उठून आले, माझा हुक हातात घेतला आणि म्हणाले, हा कुणासाठी, शार्कसाठी? मग त्यांनी डबी उघडून आठ नंबरचा हुक काढला (हुकाचा नंबर जितका मोठा तितका हुक लहान, ही उलटी गंमत मला चाळिशीत कळली), पक्कडीने त्याची मागची दातरी दाबून टाकली म्हणजे पोराच्या बोटात घुसला तरी सरळ निघतो, वर वजनासाठी शिशाऐवजी कथलाचा एक बारीक मणी चिमटला, कारण शिशाचे मणी पाणपक्ष्यांच्या पोटात गेले की ते मरतात, आणि बॉबर दिला बोरापेक्षा जरा मोठा. गांडुळाचा फक्त अर्ध्या इंचाचा तुकडा, हुकाचं टोक झाकेल इतकाच. म्हणाले, इथे लागतो तो ब्लूगिल नावाचा छोटा मासा, त्याचं तोंड वाटाण्याएवढं असतं, तो मोठा घास गिळत नाही, कडेकडेने कुरतडत बसतो. आणि जड बॉबर असला तर त्याला ओढ जाणवते, मग तो घास थुंकतो.

हे ऐकताना मला जरा ओशाळायलाच झालं, कारण खाडीत आजोबा काय पकडायचे आणि इथे काय आहे याचा मी विचारच केला नव्हता. पॅनफिश ही काही एक जात नाही, ब्लूगिल, पम्पकिनसीड, क्रॅपी, यलो पर्च असे सगळे तव्यात अख्खे मावणारे मासे, म्हणून ते नाव. दिसायला ब्लूगिल साधारण चिलापीच्या लहान भावासारखा, तळहाताएवढा.

बॉबरपासून हुकापर्यंत अडीच फूट दोरा ठेवून मुलीने टाकला. एकदा टुक, दोनदा टुक, मग बॉबर तिरका पळत पाण्याखाली गेला आणि गेलाच. तिने रीळ फिरवलं, काठी वाकली, आणि पाण्यातून जे बाहेर आलं ते बघून ती घाबरून माझ्यामागे! मी हात ओला करून (कोरड्या हाताने त्याच्या अंगावरचा चिकट थर निघतो) पकडायला गेलो आणि पाठीचा काटा कचकन तळव्यात घुसला. डोक्याकडून शेपटीकडे हात फिरवायचा, म्हणजे काटे आडवे पडतात, हे म्हाताऱ्यांनी नंतर सांगितलं. उन्हात धरला तेव्हा बघितलं, हिरवट अंगावर उभे गडद पट्टे, गळ्याशी निळी झाक, छाती पिकल्या आंब्यासारखी केशरी आणि कल्ल्याच्या टोकाला कानासारखा एक काळा ठिपका. मुलगी म्हणाली, बाबा, याने काजळाची तीट लावलीय.

काठाजवळच्या उथळ पाण्यात वाळूत ताटाएवढे गोल खळगे दिसत होते, एकाला एक लागून वीसेक तरी. ती त्यांची घरटी. नर शेपटीने वाळू झाडून खळगा करतो आणि अंड्यांची राखण करत तिथेच घिरट्या घालतो, समोर येईल त्याला हाकलतो. तिथे गळ टाकला की लगेच मासा लागतो, धाकट्याला त्याचा पहिला मासा तिथेच मिळाला, पण तो आम्ही लगेच सोडला. मोठे राखणदार नर उचलून नेले की मागे अंडी उघडी पडतात, आणि वर्षानुवर्षं असंच चाललं तर तळ्यात सगळी खुरटी पिलावळच उरते. राज्याची साधारण मर्यादा दिवसाला २५ पॅनफिशची आहे, काही तळ्यांना कमी, पण चौघांच्या घरी २५ मासे साफ करणार कोण? आम्ही पुढे गवताच्या कडेला खोल पाण्यात जाऊन चार ठेवले, बाकी सगळे परत. मी स्वतःची काठी तर गाडीतून काढलीच नाही, दोन पोरांची गुंतलेली तंगूस सोडवणं हाच फुलटाइम जॉब होता.

संध्याकाळी कॅम्पवर चमच्याने खवले खरवडले, डोकं-आतडी काढली, दोन्ही बाजूंना चिरा मारल्या, घरून आणलेला मालवणी मसाला, कोकमाचं आगळ, मीठ, आणि रवा-तांदळाच्या पिठात घोळवून लोखंडी तव्यावर. गोड्या पाण्यातला मासा म्हणून बायको नाक मुरडत होती, पहिला तिनेच संपवला. काटे आहेत, पण सरळ कण्याला धरून निघतात, पोरांना निवडून दिले की झालं.

पाच गांडुळं उरली. मुलीला ती झाडाखाली सोडायची होती, पण तसं करायचं नसतं, विस्कॉन्सिनच्या जंगलात मूळचं एकही गांडूळ नाही, सगळी बाहेरून आलेली, आणि ती जमिनीवरचा पालापाचोळा इतक्या झपाट्याने संपवतात की जंगलातली झाडोऱ्याची रोपटी मरतात. उरलेली कचऱ्यात टाका, असं सांगतात. कचरा शब्द ऐकून मुलीने असा काही भोकाड पसरला की शेवटी डबा घरी आणला. पुढच्या शनिवारी घराजवळच्या तळ्यावर जायचंय, सोळाच्या आतल्या पोरांना इलिनॉयमध्येही लायसन लागत नाही. तोवर डबा फ्रिजमध्ये दह्याच्या मागे आहे. बायकोला अजून माहीत नाही आणि ती माझा ब्लॉग वाचत नाही.