रॉ फाइल उघडायची कशात? माझा अनुभव

कॅमेऱ्यात पहिल्यांदा रॉ सुरू केलं, म्हणजे सेन्सरने टिपलेली माहिती कच्चीच साठवायला सांगितली, त्या दिवशी फोटो कॉम्प्युटरवर घेतले आणि माझा चेहराच पडला. फोटो उघडताक्षणी छान दिसला आणि पुढच्याच क्षणी डोळ्यांदेखत त्याचा रंग उडाला. आभाळ फिकं, चेहरे मातकट. मला वाटलं, फाइल खराब झाली.

फाइल ठणठणीत होती. रॉ फाइलच्या पोटात कॅमेऱ्याने स्वतः तयार केलेला एक जेपेगही असतो. बरीचशी सॉफ्टवेअर आधी तो दाखवतात आणि मग सेन्सरची खरी माहिती उलगडून त्याच्या जागी आणून ठेवतात. मी जो फिका फोटो बघत होतो, ती त्या सॉफ्टवेअरची सुरुवातीची मांडणी होती, एवढंच.

इथून मी वाचायला लागलो आणि एक गोष्ट कळल्यावर सगळ्याकडे बघायची नजरच बदलली. बहुतेक सेन्सरवर प्रत्येक पिक्सेलसमोर एकाच रंगाची गाळणी असते: लाल, हिरवी किंवा निळी. त्यांतल्या निम्म्या हिरव्या. कोडॅकमधल्या ब्राइस बायर यांची ही मांडणी, 1976 सालचं पेटंट. प्रत्येक पिक्सेलचे उरलेले दोन रंग शेजारच्या पिक्सेलवरून अंदाजाने भरावे लागतात. याला डिमोझेइक म्हणतात. हा अंदाज प्रत्येक सॉफ्टवेअर आपापल्या पद्धतीने बांधतं. त्यामुळे एकाच रॉ फाइलमधून चार ठिकाणी चार वेगळे फोटो निघतात आणि चारही खरे असतात.

मग मी माझेच तीन अवघड फोटो काढून ठेवले. भर उन्हातला गडद लाल गुलाब, बारीक विणीचा स्वेटर आणि खिडकीशी बसलेली आजी, आयएसओ 6400 वर, म्हणजे कमी उजेडासाठी कॅमेऱ्याची संवेदनशीलता खूप वाढवून काढलेली. लाइटरूम, कॅप्चर वन आणि डीएक्सओ फोटोलॅब या विकतच्या सॉफ्टवेअरच्या ट्रायल घेतल्या. डार्कटेबल आणि रॉथेरपी मोफतच आहेत. कॅमेरा कंपनीचं स्वतःचं मोफत सॉफ्टवेअरही बघितलं. त्यात रंग थेट कॅमेऱ्यातल्या जेपेगसारखे येत होते, पण मला फोटोच्या एखाद्याच भागावर काम करायचं असतं आणि तिथे ते अपुरं पडलं.

पहिली फेरी पूर्ण वाया गेली. गुलाब एका ठिकाणी नुसता लाल डाग दिसत होता, दुसरीकडे पाकळ्यांवरच्या शिरा दिसत होत्या, आणि मी लगेच निकाल देऊन मोकळा झालो. दोन दिवसांनी सहज त्या ‘नापास’ सॉफ्टवेअरमध्ये एक्स्पोजर (फोटोचा उजळपणा) थोडं खाली ओढलं, सॅच्युरेशन (रंगाचा भडकपणा) कमी केलं, आणि शिरा एकेक करून वर आल्या. त्या फाइलमध्ये होत्याच. 14 बिट रॉमध्ये प्रत्येक पिक्सेलला उजेडाच्या 16,384 पायऱ्या असतात, जेपेगमध्ये प्रत्येक रंगाला 256. मी सॉफ्टवेअरची तुलना करतोय असं समजत होतो आणि करत होतो ती त्यांच्या डिफॉल्टची, म्हणजे आधीपासून ठरलेल्या सेटिंगची. मग सगळीकडे व्हाइट बॅलन्स (पांढरा रंग पांढरा दिसावा म्हणून केलेली जुळवणी) सारखा केला, शार्पनिंग (कडा धारदार करणं) आणि नॉइज रिडक्शन (फोटोतले नको असलेले दाणे पुसणं) शून्यावर आणलं आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.

आजीच्या फोटोने सगळ्यात जास्त शिकवलं. रॉथेरपीमध्ये डिमोझेइकची पद्धत आपल्याला निवडता येते. आधी ‘अमेझ’ होती. कमी आयएसओला ती बारीक तपशील फार सुंदर काढते. पण 100 टक्क्यांवर आजीच्या गालावर चक्रव्यूहासारख्या बारीक रेघा दिसत होत्या. ‘एलएमएमएसई’ निवडली आणि त्या विरल्या. नॉइज होता, पण आता तो कणांसारखा दिसत होता आणि सुरकुत्या पुन्हा सुरकुत्या वाटायला लागल्या. मी बराच वेळ नुसता दोन्ही आलटून पालटून बघत बसलो. स्वेटरच्या बारीक विणीवर उमटलेल्या खोट्या रंगीत लाटांना ‘आयजीव्ही’ या आणखी एका पद्धतीने बराच आवर घातला.

नुसत्या नॉइजच्या बाबतीत मात्र डीएक्सओच्या डीपप्राइम या नॉइज काढणाऱ्या सोयीने बाकी सगळ्यांना मागे टाकलं, हे मान्य करायलाच हवं. वेळ घेतं, पण काम चोख.

तरीही माझा निर्णय फोटोच्या दर्जावर झाला नाही. आधी मी एक विकतचं सॉफ्टवेअर वापरत होतो. नवा कॅमेरा घेतला, तर जुनी आवृत्ती त्याची रॉ फाइल उघडेना; पुढच्या आवृत्तीसाठी पुन्हा पैसे. शिवाय मी केलेली सगळी दुरुस्ती त्याच्या कॅटलॉगमध्ये, म्हणजे त्याच्या स्वतःच्या नोंदवहीत. बाहेर पडायचं तर ती तिथेच सोडून यायची. हे मला फार लागलं, कारण त्यात कित्येक रात्रींचं काम होतं. म्हणून या वेळी प्रत्येक सॉफ्टवेअरला पहिला प्रश्न हाच विचारला: माझं काम तू कुठे ठेवतोस?

डार्कटेबल ते रॉ फाइलशेजारी एका छोट्या एक्सएमपी फाइलमध्ये ठेवतं, रॉथेरपी पीपी3 फाइलमध्ये. मूळ रॉला हात लागत नाही. पण दुसऱ्या सॉफ्टवेअरला त्यातल्या दुरुस्त्या जशाच्या तशा वाचता येतील असं समजू नका. स्टार, कीवर्ड जातात, स्लायडरची करामत जात नाही. म्हणून पक्का झालेला फोटो मी 16 बिट टिफमध्ये, म्हणजे कुठेही उघडणाऱ्या भरगच्च फाइलमध्ये, काढून ठेवतो. आणि फाइलचं नाव बदलायचं तर सॉफ्टवेअरच्या आतूनच. मी एकदा बाहेरून फक्त रॉची नावं बदलली, एक्सएमपी जुन्या नावाने तशाच राहिल्या आणि अख्ख्या सहलीचे फोटो कोरे होऊन समोर आले. नावं जुळवता जुळवता पहाट झाली.

शेवटी डार्कटेबलवर थांबलो. शिकायला सोपं नाही. पहिले दोन आठवडे कुठलं मॉड्यूल आधी हलवायचं तेच कळत नव्हतं. मग ठरवलं, फक्त एक्स्पोजर, व्हाइट बॅलन्स, उजेड-सावली पडद्याला बसवणारं सिग्मॉइड आणि नॉइज काढणारं प्रोफाइल्ड डिनॉइज, एवढंच महिनाभर वापरायचं. त्यानंतर मास्क शिकलो: आजीचा चेहरा वेगळा उजळायचा, खिडकी आहे तशी ठेवायची. हट्टी फाइल असली तर अजूनही रॉथेरपी उघडतो.

ते तीन फोटो एका वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवलेत. नवी आवृत्ती आली की आधी तेच उघडतो. गुलाबाच्या शिरा, स्वेटरची वीण, आजीचा गाल, याच क्रमाने.