एल्डोराची माती

ओहायोतल्या डेटनहून उत्तरेला निघाले, की ग्रीनव्हिलनंतर मका आणि सोयाबीन यांच्याशिवाय फारसे काही दिसत नाही. रॉसबर्ग हे जेमतेम दोनशे वस्तीचे खेडे; पण सप्टेंबरच्या सुरुवातीला, ‘वर्ल्ड हंड्रेड’ या मोटारींच्या शर्यतीच्या दिवसांत, त्याच्या जवळच्या एल्डोरा स्पीडवे या मातीच्या शर्यतमार्गाभोवती तंबूंचे आणि कॅम्परांचे एक अख्खे गाव उभे राहते. डेटोना आणि इंडियानापोलिसचे शर्यतमार्ग टीव्हीमुळे आपल्याला ठाऊक असतात, परंतु मला अमेरिकेतली शर्यत म्हटली की एल्डोराची मातीच आठवते.

नृत्यसंगीताचा वाद्यवृंद चालवणारे अर्ल बाल्टस यांनी १९५४ साली आपल्या नाचघराशेजारी हा ट्रॅक सुरू केला आणि २००४ मध्ये प्रसिद्ध शर्यतपटू टोनी स्ट्युअर्ट यांनी तो विकत घेतला. फेरी अर्ध्या मैलाची, म्हणजे सुमारे ८०० मीटरची, आणि वळणांवर जमीन २४ अंशांनी तिरकी. ‘वर्ल्ड हंड्रेड’ १९७१ पासून होते. अंतिम शर्यत शंभर फेऱ्यांची आणि विजेत्याला मिळते ते पृथ्वीच्या गोलाचे मानचिन्ह. त्यात धावणाऱ्या ‘लेट मॉडेल’ गाड्यांचे पत्र्याचे पाचरीसारखे अंग पाहिले, तर स्टॉक कारचे, म्हणजे शर्यतीसाठी बदललेल्या नेहमीच्या मोटारींचे, हे वंशज शोरूममधल्या कोणत्याही मोटारीशी नाते सांगतील असे वाटत नाही.

खरा खेळ मात्र मातीचा असतो. दुपारी टँकरने पाणी शिंपडतात आणि गाड्याच संथपणे फिरवून चिकणमाती दाबून घेतात. संध्याकाळच्या पहिल्या फेऱ्यांत ओलाव्यामुळे टायरांची पकड घट्ट असते आणि वळणापाशी बसलेल्यांच्या अंगावर चिखलाची ढेकळे येतात. माझ्या हातातल्या मक्याच्या कणसावरही मिठाऐवजी मातीच बसली. चालकांच्या हेल्मेटच्या काचेवर पारदर्शक फिती एकावर एक लावलेल्या असतात आणि समोरचे दिसेनासे झाले, की वरची फीत भर वेगात ओढून फेकून देतात.

रात्र चढते तशी जमीन सुकते, घासून काळी व चकचकीत होते आणि पकड सुटते. उडालेली भुसभुशीत माती मात्र बाहेरच्या भिंतीलगत साठत जाते. तिला ‘कुशन’ म्हणतात. गाडी डावीकडे वळत असताना पुढची चाके उजवीकडे वळवायची, मागचा भाग घसरू द्यायचा आणि उजवे मागचे चाक त्या मातीच्या बांधाला टेकवून वेग राखायचा, हे कसब पाहताना श्वास रोखला जातो, कारण वीतभर जास्त वर गेले तर भिंत आणि खाली राहिले तर नुसती निसरडी जमीन. शेजारचे वृद्ध गृहस्थ, बहुधा शेतकरी, गाड्यांकडे कमी आणि जमिनीच्या रंगाकडे जास्त पाहत होते. कोण पुढे येणार, याचा त्यांचा अंदाज माझ्यापेक्षा कितीतरी सरस ठरला.

स्टॉक कार शर्यती भरवणाऱ्या नॅसकार या अमेरिकी संस्थेची सर्वोच्च मालिकाही ३० सप्टेंबर १९७० रोजी नॉर्थ कॅरोलायनातल्या रॅले शहरात चालक रिचर्ड पेटी जिंकेपर्यंत मातीवर येत असे. पुढे २०१३ मध्ये नॅसकारचे ट्रक एल्डोरावर धावले आणि २०२१ मध्ये मुख्य मालिकेसाठी टेनेसीतल्या ब्रिस्टलच्या काँक्रीटच्या ट्रॅकवर माती पसरण्यात आली. तो घाट मला तरी ओढूनताणून आणल्यासारखा वाटला.

जायचे असल्यास वळणावरच्या वरच्या रांगांतली जागा घ्यावी, कानात घालायचे बोळे आणि डोळ्यांना चष्मा न्यावा, आणि पहिल्या फेऱ्यांच्या आधीच पोहोचावे. ओली माती पाहिली नाही तर रात्रीची कळत नाही.