सहा विजयांचं गणित

अमेरिकी कॉलेज फुटबॉलमध्ये बोल सामना, म्हणजे हंगाम संपल्यावरचा खास सामना, खेळायचा तर नियमित हंगामातल्या 12 पैकी किमान 6 सामने जिंकावे लागतात. गफलत होते ती इथे: खालच्या श्रेणीतल्या, म्हणजे एफसीएस संघांवरचा एकच विजय मोजला जातो. असे दोन सामने जिंकून सहाचा आकडा गाठलेला संघ हिशेबात पाचवरच राहतो. बोल जास्त आणि पात्र संघ कमी पडले, तर 5-7, म्हणजे पाच विजय आणि सात पराभव असलेल्या संघांनाही दार उघडतं, आणि तिथे क्रम लावतात खेळाडूंच्या अभ्यासातल्या प्रगतीच्या गुणांवरून. हा नियम मला फार आवडतो.

रोझ, शुगर, ऑरेंज, कॉटन, फिएस्टा, पीच या सहा मोठ्या बोलची वाट मात्र वेगळी. 2024 पासून प्लेऑफ, म्हणजे राष्ट्रीय विजेता ठरवणारी बाद फेरी, 12 संघांचा झाला आणि त्याचे उपांत्यपूर्व व उपांत्य सामने म्हणून हेच सहा बोल खेळले जाऊ लागले. 2024 आणि 2025 च्या हंगामांत प्लेऑफचे संघ निवडणाऱ्या समितीच्या क्रमवारीतले सर्वांत वरचे 5 कॉन्फरन्स (संघांचे गट) विजेते आणि उरलेल्यांतले 7 संघ घेतले गेले. 2024 मध्ये सोळाव्या क्रमांकाचा क्लेमसन आपल्या कॉन्फरन्सचा विजेता म्हणून आत आला, अकरावा अलाबामा बाहेर राहिला. मला ते योग्यच वाटतं. विजेतेपद मैदानावर मिळवलेलं असतं.