आमच्या मंडळाची पोरं आज केळीच्या मळ्यात

जळगाव जिल्ह्यात, रावेरकडे केळीच्या कामाला मध्य प्रदेशातून, खरगोन-बडवानीकडून बारेला आदिवासी कुटुंबं येतात. मळ्यातच झोपडी, मळ्यातच चूल. गावाशी संबंध मजुरीपुरता.

आज मंडळाची पोरं, गणपतीत ढोल बडवणारी तीच, दुपारभर त्यांच्यासोबत होती. आधी रेशन दुकान. एका मावशींचा अंगठा मशीनवर उमटेना; केळीच्या चिकाने बोटं काळी, चरे पडलेली. आमच्या एका पोराने त्यांना हात धुवायला पाणी दिलं, बोट पुसून हळूच टेकवायला लावलं. पावती निघाली! मध्य प्रदेशचं कार्ड इथे चालतं हे त्यांना माहीतच नव्हतं. आपल्या वाट्याचं इथे घ्या, घरच्यांचं तिकडे राहू द्या, ही सोय ‘एक देश, एक रेशन कार्ड’मध्ये आहे.

मग शाळा. दाखला नाही म्हणून मुलं घरीच. २००९च्या शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे दाखला नाही म्हणून प्रवेश अडवता येत नाही, वयानुसार वर्ग द्यावा लागतो. हे दरवर्षी सांगावं लागतं याचा मला खरंच राग येतो. आपली केळी देशभर पोहोचवणाऱ्या हातांची लेकरं आहेत ही.

संध्याकाळी कबड्डी. लाजून बांधावर बसलेल्या एकाला आमची पोरं ओरडली, “ये रे भो, खेयाले!” पठ्ठ्याने पहिल्याच चढाईत तिघांना बाद केलं. पुढच्या स्पर्धेत तो आमच्याच संघात आहे. शाळेत नावं घालायला उद्या कोण कोण येतंय?