सेक्वॉनला ठेवायचं की सोडायचं?

ऑगस्ट २०२४ चा शेवटचा आठवडा. जेवणं झाली की ताटं उचलायची आणि त्याच टेबलावर लॅपटॉप उघडायचा, असं सलग पाच रात्री चाललं होतं. अमेरिकन फुटबॉलपटू सेक्वॉन बार्कलीचा आमच्याकडचा करार संपला होता. त्याला ठेवणार की सोडणार, ते रविवारी रात्री बाराच्या आत कळवायचं होतं.

आम्ही न्यू जर्सीतले दहा मित्र बरीच वर्षं अमेरिकन फुटबॉलची फँटसी लीग खेळतो. खेळाडू खरे, त्यांची मैदानावरची कामगिरी खरी, संघ मात्र आमचे कागदावरचे. आमच्यात सॅलरी कॅप आहे: प्रत्येक संघाला २०० डॉलर, तेही कागदावरचेच, आणि तेवढ्यात १५ खेळाडू बसवायचे. एखाद्याचा करार संपला आणि तो तुम्हाला हवाच असेल, तर त्याच्या जागेवरच्या सर्वात महागड्या पाच खेळाडूंची सरासरी किंमत मोजायची. खऱ्या एनएफएलमधल्या (अमेरिकेतल्या व्यावसायिक फुटबॉल लीगमधल्या) ‘फ्रँचाइझ टॅग’वरून ढोबळमानाने उचललेला नियम. त्या हिशोबाने सेक्वॉनची किंमत निघाली ५२ डॉलर. म्हणजे एकाच माणसावर पाव भागाहून जास्त पैसे, आणि उरलेल्या १४ जणांना १४८.

संघ माझा एकट्याचा नाही. माझा मुलगा, तेव्हा अकरा वर्षांचा, त्यात बरोबरीचा भागीदार. २०१८ साली न्यू यॉर्क जायंट्स संघाने सेक्वॉनला ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या निवडीत, दुसऱ्या क्रमांकावर घेतलं तेव्हा हा पाच वर्षांचा होता, आणि त्याची पहिली जर्सी २६ नंबरचीच. आमच्या घरापासून जायंट्सचं मैदान अर्ध्या तासावर. त्यामुळे मार्चमध्ये सेक्वॉन फिलाडेल्फिया ईगल्सकडे गेला तेव्हा आमच्याकडे दोन दिवस कुणी नीट बोललं नाही.

जायंट्सपुढचा प्रश्न आमच्यासारखाच होता. २०२३ मध्ये त्यांनी त्याला साधारण एक कोटी डॉलरच्या टॅगवर अडवलं, मग थोडी भर घालून एका वर्षाचा करार केला. पुढच्या वर्षी प्रत्येक संघाचा कॅप २५.५४ कोटींवर गेला, तरी त्यांनी हात आखडता घेतला. ईगल्सनी तीन वर्षांचे ३.७७५ कोटी दिले, त्यातले २.६ कोटी हमीचे. जायंट्सना नावं ठेवणारे पुष्कळ होते. मी ठेवली नाहीत, कारण माझा एक्सेल तेच सांगत होता.

मी दोन याद्या केल्या. एकीत सेक्वॉन धरून संघ, दुसरीत त्याच्याशिवाय. ५२ डॉलरमध्ये सेक्वॉनच्याच जागेवरचे, बरे म्हणावेत असे दोन रनिंग बॅक येत होते आणि बाकावरही चांगली माणसं बसत होती. सेक्वॉन २७ वर्षांचा. रनिंग बॅकचं काम म्हणजे चेंडू छातीशी धरून माणसांच्या भिंतीत घुसायचं, त्यामुळे या वयात शरीर उतरणीला लागतं. २०२० मध्ये त्याच्या गुडघ्याचं लिगामेंट फाटलं होतं, नंतर घोटा दोनदा दुखावला. २०२३ मध्ये १४ सामन्यांत धावून ९६२ यार्ड, दर धावेला ३.९, म्हणजे चारही नाहीत. शुक्रवारी रात्री मी ठरवून टाकलं की सोडायचं.

मुलगा रडेल असं वाटलं होतं. रडला नाही. स्क्रीनकडे बघत त्याने विचारलं, “बाबा, हे ३.९ त्याचे आहेत की त्याच्यासमोरच्यांचे?”

मला क्षणभर कळलंच नाही. मग कळलं. रनिंग बॅकला वाट करून देतात ते पुढचे पाच जण, म्हणजे ऑफेन्सिव्ह लाइन. जायंट्सची लाइन आम्ही डोळ्यांनी बघत होतो. चेंडू हातात येईपर्यंत समोरचा माणूस अंगावर आलेला असायचा. आता त्याच्यापुढे ईगल्सच्या लाइनमधले लेन जॉन्सन आणि जॉर्डन मायलाटा उभे राहणार होते. वय, दुखापती, धावांची संख्या असे माझ्या तक्त्यात नऊ रकाने होते आणि नऊच्या नऊ फक्त सेक्वॉनच्या शरीराबद्दल. संघ बदलल्याचा रकानाच नव्हता. मी पाच रात्री घासून जो हिशोब केला त्यातलं भोक अकरा वर्षांच्या पोराला दिसलं, याचा मला आजही अभिमान वाटतो.

शनिवारी दहावा रकाना घातला. तरी मनाची पूर्ण तयारी होईना. दोन वर्षांचा करार ४५ डॉलरने मिळत होता, पण मधेच सोडलं तर पुढच्या वर्षीच्या कॅपमध्ये निम्मी रक्कम मेलेल्या पैशासारखी पडून राहते. ती जोखीम नको म्हणून महाग पडलं तरी ५२ डॉलरचं एकच वर्ष घेतलं. रविवारी रात्री पावणेबाराला मेल गेला.

पुढचं सगळ्यांना माहीत आहे. साओ पावलोतल्या पहिल्याच सामन्यात तीन टचडाउन, म्हणजे तीनदा चेंडू शेवटच्या रेषेपार. २० ऑक्टोबरला आम्ही दोघं जायंट्सच्या मैदानावर, मेटलाइफ स्टेडियमवर, त्यांचा ईगल्सशी सामना बघायला होतो. पुढच्या रांगेतल्या एका गृहस्थांनी जुन्या निळ्या जर्सीवरच्या ‘बार्कली’ नावावर पांढरी चिकटपट्टी लावली होती. सेक्वॉनच्या हातात चेंडू आला की लोक हुर्यो करायचे. तो १७ धावांत १७६ यार्ड गेला. दुपार सरेपर्यंत त्या चिकटपट्टीचं एक टोक सुटून फडफडत होतं, आणि माझा मुलगा टाळ्या वाजवू की नको या विचारात हात मांडीखाली दाबून बसला होता.

हंगामात २००५ यार्ड, दर धावेला ५.८. तरीही आम्ही लीग जिंकलो नाही. नोव्हेंबरात दोन रिसीव्हर, म्हणजे पास झेलणारे खेळाडू, जखमी झाले आणि बाकावर बसवायला एक-दोन डॉलरची माणसं उरली होती. सेमीफायनलच्या आठवड्यात सेक्वॉनने १५० यार्ड आणि दोन टचडाउन दिले, आणि आम्ही हरलो. १४८ डॉलरची बाजू कमी पडली. पण मला तो निर्णय चुकलेला वाटत नाही. आमच्या हातात तेव्हा जेवढं होतं, तेवढं शेवटी आम्ही नीट मोजलं होतं.

२०२५ च्या ऑगस्टमध्ये पुन्हा तेच टेबल. किंमत ६१ डॉलर. खुद्द ईगल्सनी मार्चमध्ये त्याला दोन वर्षांचे ४.१२ कोटी वाढवून दिले होते, त्यामुळे मी ठेवण्याच्या बाजूला झुकलो होतो. मुलाने सेक्वॉनच्या गेल्या हंगामातल्या, प्लेऑफ (बाद फेरी) धरून, सगळ्या धावा मोजल्या: ४३६. ईगल्सच्या लाइनमधला मेकाय बेक्टन चार्जर्स संघाकडे गेला होता, तेही त्याने दहाव्या रकान्यात लिहिलं. मग माऊस स्वतःकडे ओढला, सेक्वॉनची ओळ निवडली, थोडा वेळ तशीच निळी राहू दिली आणि डिलीट केली.

त्या रात्री तो २६ नंबरची जर्सी घालूनच झोपला. आता ती त्याला खांद्यात घट्ट होते.