तुम्ही विचारलंत म्हणून: एका कीबोर्डावर दोघं कशाला?

पालकसभेला दरवर्षी कुणी ना कुणी हे विचारतंच. यंदा मानवतहून आलेले एक वडील होते. "सर, आमचं लेकरू हुशार हाय. मग त्याला दुसऱ्याला शिकवायला कशाला बसवता? कॉम्प्युटर कमी हायेत का?"

सुरुवात कमी होते म्हणूनच झाली. पहिल्या वर्षाला 'सी' ही प्रोग्रॅमिंगची भाषा, निम्म्या मशीन बंद, मग एकीवर दोघं. आपल्याकडं सावड करतात तसंच: एक बैल याचा, एक शेजाऱ्याचा, मिळून औत चालतं. पुढं नव्या मशीन आल्या. प्रत्येकाला एक दिली आणि लॅब एकदम शांत झाली. मला बरं वाटलं. प्रॅक्टिकलच्या वह्या तपासायला घेतल्या तर ३० वह्यांत एकच प्रोग्रॅम, आणि स्कॅनएफमधलं (कीबोर्डावरून आकडा घेणारी 'सी'तली आज्ञा) '&' हे चिन्ह सगळ्यांनी एकाच ओळीत विसरलेलं!

मग परत जोड्या. एकाच्या हाती कीबोर्ड, शेजारच्यानं बोलायचं, १५ मिनिटांनी अदलाबदल. घड्याळ लावतो, कारण नाहीतर पोरं कीबोर्ड सोडत नाहीत आणि पोरी मागत नाहीत. जिवलग दोस्त मात्र शेजारी बसवत नाही. तिथं प्रोग्रॅम सोडून सगळं होतं.

आता तुमच्या हुशार लेकराचं. फळ्यावर फॉर लूप, म्हणजे तेच काम पुन्हा पुन्हा करायची आज्ञा, लिहिला: मोजणारा आय शून्यापासून एकेकानं वाढत, पाचपेक्षा लहान किंवा पाचाइतका असेपर्यंत. किती वेळा फिरेल? आधी ज्यानं त्यानं ठरवायचं, हात वर करायचा, मग शेजाऱ्याशी भांडायचं, मग पुन्हा हात. (ही रीत हार्वर्डचे एरिक मॅझूर यांची. १९९१ पासून ते फिजिक्स असं शिकवू लागले.) बहुतेकांचं उत्तर पाच. तुमच्या लेकराचं सहा, बरोबर. शेजारणीनं विचारलं, "का पण?" तर म्हणतो, "असंच असतंय." पाठ होतं त्याचं. मग दोघं बोटं मोजत बसले, आणि तीच म्हणाली, "शेडला पाच गाळे काढले तर खांब सहा लागतात की!"

प्रोग्रॅमर मंडळी या घोळाला कुंपणाच्या खांबाची चूकच म्हणतात. तिला ते कुणी सांगितलेलं नव्हतं.

परीक्षा एकट्याचीच असते, हे मान्य. म्हणून महिन्याचं शेवटचं प्रॅक्टिकल एकेकट्याचं घेतो.

वडिलांनी सगळं ऐकून घेतलं. "मग त्याची जोडी बदलू नका, सर."

बदलतो. दर महिन्याला.